गाव भिंतीवर आणणाऱ्या कटरे मॅडम

श्रीमती निर्मला कटरे यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात जमिनीवर ओणव्या बसून विटेच्या भुकटीने बोडीची पाळ काढत होत्या. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. मी चिचगडला एसटीतून उतरून, पुढे एका ट्रॅक्टरवर बसून, नेमणुकीचा आदेश खिशात घेऊन आलो होतो. नुकताच शिक्षणसेवक झालेला, गोंदिया शहरात वाढलेला, बाजारात आणि मित्रांत हिंदीच बोलणारा तरुण. बूट पॉलिश करून दारात उभा राहिलो. मुले एका सुरात काहीतरी म्हणत होती. बोडीचे पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाते, मग कोणाच्या, असे त्या गाण्याचे बोल होते. मॅडमनी वर पाहिले. मी नाव सांगितले.

"बोरकर सर, गाता येतं?"

"नाही, मॅडम."

"मग ताल तरी धरा. आणि बूट काढा, तुम्ही पाळीवर उभे आहात."

खाली पाहिले तर खरेच पाळीचा एक तुकडा माझ्या बुटांखाली गेला होता. मुले हसली. मी बूट काढले आणि ताल धरला.

मॅडमनी वयाची साठ वर्षे पूर्ण केली, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यांनी घेतलेल्या प्रशिक्षणांविषयी, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षकांविषयी इतर सहकारी लिहितीलच. मी त्यांच्यासोबत दोनशिक्षकी शाळेत काही वर्षे काढली. त्या वर्षांतला एक हिवाळा मी अजून विसरलेलो नाही. मॅडम कशा आहेत हे मला त्या हिवाळ्यात कळले, म्हणून मुख्यतः तेवढेच सांगणार आहे.

आधी त्यांच्या शिकवण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. परिसर अभ्यासाचा तास वेगळा, चित्रकलेचा वेगळा आणि गाणे शनिवारी उरल्या वेळात, अशी वेळापत्रकाची रीत. मॅडम वेळापत्रक नीट लिहून भिंतीवर लावत असत, पण वर्गात हे तिन्ही तास त्यांनी केव्हाच एकत्र करून टाकले होते. कचारगडच्या गुहेत गोंडांची यात्रा भरते, त्या दिवसांत टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, गोंड मुले शाळेत येत नसत. पूर्वी त्यांची गैरहजेरी लागे आणि परत आल्यावर बोलणी बसत. मॅडमनी मुलांना विचारायला सुरुवात केली, "येताना शाळेसाठी काय पाहून याल?" मग मुले परत आली की फरशीवर गुहा काढत, कोणकोणत्या राज्यांतून माणसे आली होती ते नकाशावर बोट ठेवून दाखवत, आणि त्या माणसांचा ढोल कसा वाजत होता ते लाकडी खोक्यावर थापा मारून ऐकवत. फुलवंता उईके नावाची मुलगी पहिलीत असताना महिनोन्‌महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. मला वाटे, तिला काही येत नाही. मॅडमनी एकदा बोडीच्या धड्यात तिला विचारले, "तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात गं?" ती हळूच म्हणाली, "येर." मॅडमनी तो शब्द घेऊन तिथल्या तिथे गाण्याची ओळ केली. साऱ्या वर्गाने ती म्हटली. दुसऱ्या दिवशी फुलवंता स्वतःहून मासा, पाऊस, झाड यांचे शब्द घेऊन आली.

हीच फुलवंता चौथीत असताना तो हिवाळा आला.

प्रजासत्ताक दिनासाठी शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवायची होती. मॅडमनी मुलांना सांगितले, भिंतीवर आपले गाव काढायचे. आजचे गाव तर सगळ्यांना दिसतेच, म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, की तुम्ही लहान असताना गावात काय होते, जे आता नाही. मुले विचारून आली. कोणी जुना घाणा आणला, कोणी बुजलेली विहीर. गेरू, चुना, कोळसा, कपड्यांची नीळ असे रंग जमवले आणि भिंतीवर गाव उभे राहू लागले. फुलवंताने बोडीच्या पाळीखाली, धानाच्या बांध्यांच्या मधोमध, मोहाचे एक भलेमोठे झाड काढले. झाडाखाली उभे दगड मांडले. तिच्या आजोबांनी, सुकरामदादांनी, तिला सांगितले होते की तिथे त्यांचा देव होता.

आज तिथे झाड नाही. ती बांधी तेजरामजींची. तेजरामजी गावातले मोठे शेतकरी. मॅडम आणि ते दोघेही पोवार समाजाचे, त्यातून तेजरामजींचे घर म्हणजे मॅडमच्या चुलत बहिणीचे सासर. त्यांची नात चेतना फुलवंताच्याच वर्गात, तिच्याच शेजारी बसत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजरामजी मोटारसायकल थांबवून भिंतीसमोर उभे राहिले. बराच वेळ पाहत होते. मग फाटकातून आत आले.

"मॅडम, हे मोहाचं झाड कोनं काढलं?"

"मुलांनी."

"माह्या बांधीत मोहाचं झाड हाये का?"

"आज नाही. आधी होतं, असं मुलांना घरी सांगितलं."

"सांगनारा कोन? सुकराम?"

तेजरामजींचा आवाज चढला. "आज भितीवर झाड काढून राहिले, उद्या बांधीत देव मांडतीन, परवा सातबारा मागतीन. पुसून टाका ते."

"मुलांशी बोलते आणि सांगते."

"पोट्ट्यायले कायले इचारता? मॅडम तुमी होय का ते?"

ते गेले. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. चित्र पुसले नाही तर शाळेला कुलूप ठोकू, असे गावातून निरोप येऊ लागले. टोलीवरून सुकरामदादा आले. ते भांडायला आले नव्हते. फाटकाबाहेरच उभे राहून म्हणाले, "आमी काई मागून नाई राहिलो जी. पोरीनं इचारलं, म्या सांगितलं. पन आता ते पुसलं तं टोलीवरची पोरं साळेत येनार नाईत." आमची पटसंख्या आधीच तोकडी होती. टोलीची मुले गेली असती तर शाळा बंद पडण्याचीच भीती होती, आणि गावाने कुलूप लावले असते तरी तेच.

मी मॅडमना म्हणालो, "चुन्याचा एक हात मारून टाकू. मुलं दोन दिवसांत विसरतील."

"विसरणार नाहीत, सर. चेतनाही नाही आणि फुलवंताही नाही."

त्या काळात मॅडमना मी प्रथमच घाबरलेले पाहिले. त्यांच्या चुलत बहिणीने घरी येऊन, आपल्याच माणसाविरुद्ध उभी राहतेस, म्हणून रडून गोंधळ घातला होता. तालुक्याहून फोन आला, की वाद मिटवा, चित्राचे तुम्ही पाहून घ्या, पण गावात काही झाले तर जबाबदारी तुमची. फोन ठेवल्यावर फळ्यावर लिहिताना मॅडमचा खडू तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "आज लिहायचं नाही. घरी जाऊन रोवणीची गाणी विचारून या. आई, आजी, जी कोणी बांधीत रोवणी करते तिला विचारा."

रोवणी म्हणजे पावसाळ्यातली धानाची लावणी, हिवाळ्यात तिची गाणी कशाला, असे मला वाटले. मुलांचे मन दुसरीकडे लागावे, एवढाच त्यांचा हेतू होता, असे त्यांनी मला नंतर सांगितले. मुलांनी गाणी आणली. एकेकाने उभे राहून म्हटली. चेतनाची पाळी आली. तिने तिच्या पणजीकडून, तेजरामजींच्या आईकडून, गाणे आणले होते. हात मागे बांधून ती म्हणू लागली,

"पयला पऱ्हा कोनाले वं, पयला पऱ्हा कोनाले?
मोहाखालच्या देवाले वं, बोडीपारच्या देवाले."

पऱ्हा म्हणजे धानाचे रोप. रोवणीचे पहिले रोप मोहाखालच्या देवाला वाहायचे, असे ते गाणे सांगत होते. फुलवंताने मान वर करून चेतनाकडे पाहिले. चेतनाला स्वतःलाही तेव्हाच कळले असावे, कारण दुसरी ओळ म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक होत गेला आणि ती रडवेली होऊन खाली बसली.

मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. "छान म्हटलंस. हे गाणं तुझ्या घरचं आहे, बाळ. कुठं म्हणायचं आणि कुठं नाही, ते तू आणि तुझी पणजी मिळून ठरवा. शाळेत पुन्हा म्हणायलाच पाहिजे असं नाही."

सुट्टी झाल्याबरोबर मी मॅडमना गाठले. मला वाटत होते की आमची सुटका झाली. "मॅडम, परवा विस्तार अधिकारी साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर चेतनाला हेच गाणं म्हणायला लावू. तेजरामजींच्या घरातूनच पुरावा निघाला आहे!"

मॅडम माझ्यावर इतक्या रागावलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही कधी पाहिल्या नाहीत.

"नऊ-दहा वर्षांच्या पोरीला तिच्या आजोबांविरुद्ध साक्षीला उभी करू? साऱ्या गावासमोर? घरी जाऊन ती जेवेल कशी, सर? ही शाळा आहे, कचेरी नव्हे. तुम्ही हे कुठं बोलायचं नाही."

मी ते कुठे बोललो नाही. चित्र पुसले जाणार, हे मला त्या क्षणी दिसत होते. मॅडमनाही दिसत असणार.

विस्तार अधिकारी साहेब आले तो दिवस थंड होता, पण फाटकासमोर उभी असलेली माणसे घामाघूम वाटत होती. एका बाजूला गावातले, दुसऱ्या बाजूला टोलीवरचे. तेजरामजींच्या हातात साखळी आणि कुलूप होते. मॅडम मला म्हणाल्या, "सर, मुलांना आत बसवा. पण दार लावू नका. दार लावलं की घाबरतील." मी मुलांना आत नेले आणि दारातच उभा राहिलो.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना तिथून लवकर निघायचे होते, इतकेच. दोन्ही बाजूंचे ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. एकाने टोलीवरच्या एका तरुणाची कॉलर धरली, त्याने हात झटकला, मागून कोणीतरी ओरडले, "मारा साल्याले!" सुकरामदादा आपल्या पोरांना दोन्ही हातांनी मागे ढकलत होते. साहेब घाईने म्हणाले, "मॅडम, चुन्याची बादली मागवा. तेवढा भाग पांढरा करून टाका. विषय संपला."

मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांचा आवाज कापत होता, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले.

"साहेब, आदेश तुमचा असेल तर ब्रश तुम्ही हाती घ्या. मी तुम्हाला अडवणार नाही. पण मुलं दारातून पाहत आहेत. त्यांना मी विचारायला पाठवलं होतं, ते विचारून आले. त्यांचं चित्र माझ्या हातानं पुसलं जाणार नाही."

"नोकरीचा विचार करा, मॅडम."

"करून राहिली आहे, साहेब. रोजच करून राहिली आहे."

बादली आलीच. कोणीतरी धावत जाऊन आणली होती. साहेबांनी ब्रशकडे पाहिले आणि मग तो धरायला माणूस शोधू लागले. तेवढ्यात बाजूची गर्दी फाटली. चेतनाचा हात धरून एक म्हातारी बाई येत होती. चेतना वर्गात नाही, हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते. ती सकाळी शाळेत आलीच नव्हती. म्हातारी म्हणजे तेजरामजींच्या आई, सगुणाबाई. त्यांना डोळ्यांनी फारच कमी दिसत असे आणि त्या घराबाहेर क्वचितच पडत.

भिंतीजवळ येऊन त्यांनी विचारले, "झाड कोठी हाये, बाई?"

चेतनाने त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला. सगुणाबाईंनी खोडावरून, फांद्यांवरून हात फिरवला. त्यांच्या बोटांना गेरू लागला. मग कोणालाही न विचारता, फाटक्या आवाजात, त्यांनी म्हटले, "पयला पऱ्हा कोनाले वं..." पुढची ओळ त्यांना दमल्यामुळे म्हणता येईना. टोलीच्या बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने ती हळूच पुरी केली. त्या दोघी कधीकाळी एकाच बांधीत वाकून रोवणी करत असत, हे मला नंतर कळले.

"माय, घरी चाल," तेजरामजी म्हणाले. "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. मी नवरी होऊन आली तवा पयल्या रोवणीले मले याच झाडाखाली बसवलं होतं. तुह्या बापानं झाड तोडलं तवा मले कोनी इचारलं नाई. या लेकरायनं इचारलं, म्या सांगितलं."

तेजरामजी खाली पाहत उभे राहिले. आता ते आईवर ओरडतील, की मागच्या पोरांतला कोणी दगड उचलेल, काहीच सांगता येत नव्हते. चेतनाने त्यांच्या सदऱ्याचे टोक ओढले. "आजा, तुमचे बैल पन काढले म्या. हे पाहा ना."

त्यांनी पाहिले. मोहाच्या झाडाच्या बाजूलाच, त्यांच्याच बांधीत, दोन बैल नांगराला जुंपलेले होते. एका बैलाच्या शिंगावर बोट ठेवून ते म्हणाले, "या धवळ्याचं शिंग असं नव्हतं. डावं मोडलं होतं त्याचं."

मग त्यांनी साखळी-कुलूप शेजारच्या माणसाच्या हाती दिले, "घरी ने" म्हणाले, आणि आईचा दंड धरून हळूहळू निघून गेले.

गर्दी पांगल्यावर मॅडम पायरीवर बसल्या. मी पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी तसाच शेजारी ठेवला. मी विचारले, "तुम्ही चेतनाला काही सांगितलं होतं का?"

"नाही. त्या आल्या नसत्या तर चित्र गेलं असतं. तरीही मी सांगितलं नसतं."

दुसऱ्या दिवशी चेतना आणि फुलवंता या दोघींनी मिळून धवळ्याचे डावे शिंग मोडके केले.

पुढे सगळेच गोड झाले, असे नाही. बांधी तेजरामजींचीच राहिली आणि ती तशीच राहावी याबद्दल टोलीतही कोणाचे म्हणणे नव्हते. उन्हाळ्यात शेते रिकामी असताना टोलीवरची माणसे त्या जागी पूजेला गेली. तेजरामजी तिथे गेले नाहीत, त्यांनी अडवलेही नाही. मॅडमच्या चुलत बहिणीने मात्र त्यांच्याशी बोलणे सोडले, ते बरीच वर्षे. आणि सत्र संपताच मॅडमची बदली झाली, दूर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. कारण प्रशासकीय, असे सांगण्यात आले. मी चिडलो होतो. मॅडमनी आपली हार्मोनियम कापडात बांधली, मुलांना एकेक करून भेटल्या आणि मला म्हणाल्या, "तिकडे मोठमोठे तलाव आहेत, सर. मला त्यांची गाणी माहीत नाहीत. शिकावी लागतील." तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी नव्या शाळेच्या व्हरांड्यात तलाव काढला, असे तिथल्या सहकाऱ्यांकडून कळले.

त्यांच्या मायेविषयी एकच आठवण सांगतो. भिंतीच्या प्रकरणानंतर थोड्याच दिवसांत मला मलेरियाने गाठले. गावात माझे कोणी नव्हते. मॅडम दोन्ही वर्ग एकट्याने सांभाळत आणि शाळा सुटली की माझ्या खोलीवर तांदळाची पेज घेऊन येत. ज्या तेजरामजींच्या घरून त्यांना इतके ऐकून घ्यावे लागले होते, त्याच घरी जाऊन त्यांनी माझ्यासाठी जीप मागितली आणि मला देवरीच्या दवाखान्यात नेले. तेजरामजी स्वतः गाडी चालवत होते. वाटेत दोघेही पोवारीत बोलत होते, धानाविषयी आणि थंडीविषयी. मी मागच्या बाकावर तापाने फणफणत ते ऐकत होतो आणि मला फार सुरक्षित वाटत होते.

मीही आता मुख्याध्यापक झालो आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण शिक्षकांना मी मॅडमची पद्धत समजावून सांगतो. नकाशा, चित्र, गाणे एकत्र कसे आणायचे, ते त्यांना पटकन जमते. मुलाने घरून आणलेली गोष्ट जड निघाली तर तिचे काय करायचे, ते सांगताना मात्र मी अडखळतो. तेव्हा त्यांना मॅडमकडे पाठवतो. मॅडम निवृत्त होऊन आमगावला राहतात, गुडघे कुरकुरतात, पण आलेल्या शिक्षकाला त्या चहाआधी पहिला प्रश्न विचारतात, की गाता येते का.

मॅडम, आम्ही तुमचे सहकारी आणि विद्यार्थी आज एवढेच मागतो, की तुमच्या गुडघ्यांना मुलांच्या रांगेत मांडी घालून बसण्याचे बळ मिळो, तुमचा आवाज असाच स्वच्छ राहो, आणि घरच्यांच्या व आमच्या सहवासात तुम्हाला दीर्घ, निरोगी, आनंदाचे आयुष्य लाभो. आमच्या शाळांतली मुले अजून खूप काही विचारणार आहेत. सांगायला तुम्ही खूप वर्षे असा.